शिक्षकपणाचे मोजमाप

साकीनाक्याच्या चौकातून खैरानी रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंस लहानमोठ्या कारखान्यांची जी अखंड रांग सुरू होते, तीत लेथवर काम करणारा, साचे घडविणारा, पत्रा कापणारा असा प्रत्येक कारागीर आपण कोण आहोत हे निःसंदिग्धपणे जाणून असतो. तरुण वयात तो उस्तादाच्या हाताखाली येतो. आधी झाडलोट, मग हत्यारांची देवघेव, मग उस्तादाच्या नजरेखाली एखादे हलके काम, असे करीत करीत एके दिवशी त्याने उतरविलेला माल मापात बसतो आणि त्या दिवसापासून गल्लीतले लोक त्याला टर्नर म्हणून ओळखू लागतात. तोही स्वतःस त्याच नावाने ओळखतो आणि या दोन ओळखींत अंतर राहत नाही. त्याच गल्लीतील एखाद्या पोटमाळ्यावर वाढलेली मुलगी मात्र बी.एड.ची दोन वर्षे पुरी करून, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, नेमणुकीचा हुकूम घेऊन शाळेत रुजू होते, मस्टरवर सही करते, वर्गातील मुले पहिल्याच दिवसापासून तिला 'बाई' म्हणू लागतात, आणि तरीसुद्धा आपण खरोखरच शिक्षिका झालो आहोत काय, हा प्रश्न कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, तिचा पिच्छा सोडीत नाही. हुकूम, मस्टर आणि मुलांचे संबोधन या तिन्ही गोष्टींनी जे सिद्ध झालेले दिसते ते तिच्या स्वतःच्या अंतःकरणात अद्याप सिद्ध व्हावयाचे असते. शिक्षणशास्त्रात याला व्यावसायिक अस्मिता म्हणतात, आणि ती मोजता येते की नाही, आली तर कशी आणि कोणासाठी, हा या लेखाचा विषय आहे.

शिक्षकाची पारख करण्याच्या सरकारी साधनांची महाराष्ट्रात वाण नाही. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच्या २३ व्या कलमातून जन्मास आलेली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेली 'टीईटी', राज्यात २०१३ पासून होऊ लागली. १५० प्रश्न, १५० गुण, आणि सर्वसाधारण उमेदवारास उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, असा तिचा शिरस्ता आहे. महाराष्ट्र व तामिळनाडूतून गेलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी जो निकाल दिला, त्यायोगे सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या, वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले, आणि पंचेचाळीस-पन्नाशीच्या गुरुजींनी पुन्हा बालमानसशास्त्राची पुस्तके उघडली. पात्रतेच्या या चाळणीपलीकडे दुसरी चाळणी आहे ती २०१७ पासून सुरू झालेल्या 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी'ची: २०० गुण, त्यांपैकी १२० अभियोग्यतेला व ८० बुद्धिमत्तेला, तिच्या गुणानुक्रमावर 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून भरती होते.

या दुसऱ्या चाचणीच्या अभ्यासक्रमाकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे, कारण आपल्या विषयाचे बीज तेथे पडलेले आहे. गणिती क्षमता, भाषिक क्षमता, वेग आणि अचूकता यांच्या जोडीला कल, आवड, समायोजन आणि व्यक्तिमत्त्व हीही त्यात समाविष्ट आहेत. म्हणजे उमेदवाराला काय येते एवढेच नव्हे, तर तो मनाने कोणत्या घडणीचा आहे, हेही विचारावेसे शासनाला वाटले. ही जाणीव स्तुत्य आहे. परंतु जेथे एकेका गुणावर जिल्हा आणि नोकरी ठरते, तेथे 'मुलांच्या सहवासात तुम्हांस आनंद वाटतो काय' अशा अर्थाच्या प्रश्नाला नकार देणारा उमेदवार कोठून मिळावा? अपेक्षित उत्तर कोणते हे सर्वांना कळते, शिकवणीवर्गात ते पाठही करून घेता येते, आणि मग त्या गुणांत उमेदवाराचे अंतःकरण उरत नाही, त्याची परीक्षेची तयारी तेवढी उरते. मोजपट्टी तीच असली तरी ती कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या हातून लावली जाते यावर तिचे सत्यासत्य अवलंबून असते, हे माझ्या मते या विषयाचे मर्म आहे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या फ्रान्सिस फुलर या विदुषीने १९६९ मध्ये असे दाखवून दिले की शिक्षकाच्या मनातील चिंतांना एक क्रम असतो. प्रत्यक्ष वर्गात उभे राहू लागलेल्या विद्यार्थी-शिक्षकाची चिंता स्वतःपुरती असते: मला वर्ग आवरेल काय, मुले मला मानतील काय, पाठाचे निरीक्षण करणारे प्राध्यापक वहीत काय शेरा लिहितील; आणि बऱ्याच कालावधीनंतर, स्वतःची ही धास्ती ओसरल्यावर, मागच्या बाकावरची ती मुलगी आज काही शिकली काय, ही चिंता तिची जागा घेते. ज्याने म्हणून बी.एड.च्या सराव पाठांचे दिवस काढले आहेत, टाचण वही रात्री जागून पुरी केली आहे आणि फळ्याकडे पाठ वळवावयाची भीती अनुभवली आहे, त्याला फुलरबाईंचे म्हणणे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. पुढे १९७५ मध्ये डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने आणखी एक मार्मिक गोष्ट निदर्शनास आणली. वकिलाच्या वा वैद्याच्या कामाशी सामान्य मनुष्याचा संबंध प्रसंगोपात्त येतो. शिक्षकाचे काम मात्र प्रत्येक जण आपल्या शालेय वयात सुमारे १३,००० तास समोर बसून पाहत असतो. त्यामुळे शिक्षक होऊ इच्छिणारा तरुण प्रशिक्षण महाविद्यालयात येतो तो कोऱ्या पाटीने येत नाही. आपल्या आवडत्या बाईंची आणि नावडत्या मास्तरांची चित्रे त्याच्या मनात खोल कोरलेली असतात. पण बाकावरून दिसते ते फळ्यासमोरचे काम; रात्रीची तयारी, शिकवताना क्षणोक्षणी करावी लागणारी निवड आणि चुकलेल्या तासाची बोचणी हे बाकावरून कधीच दिसत नाही.

विसावे शतक संपता संपता नेदरलँड्समधील दौवे बेयार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या अस्पष्ट जाणिवेला मोजता येण्याजोगे रूप दिले. माध्यमिक शिक्षकांना त्यांनी विचारले की तुम्ही स्वतःस मुख्यत्वेकरून काय समजता: विषयाचा जाणकार, अध्यापनकलेचा जाणकार, की मुलाच्या वाढीला हात देणारा पालक, आणि नोकरीच्या आरंभी काय समजत होता? आरंभी स्वतःस विषयाचे पंडित समजणाऱ्या बहुतेकांच्या ठायी वर्षांगणिक उरलेल्या दोन बाजूंनी जोर धरला, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. पुढे त्याच देशातील हाना आणि सहकारी यांनी २०१९ मध्ये जगभरच्या प्रश्नावलींचा धांडोळा घेऊन असे मांडले की या सगळ्या प्रश्नावली अखेर सहा अंगांभोवती फिरतात: स्वतःविषयीची प्रतिमा, या व्यवसायाकडे येण्याची प्रेरणा, त्याच्याशी असलेली बांधिलकी, आपल्याला हे जमेल हा विश्वास, आपले काम नेमके काय याविषयीची धारणा आणि नोकरीतील समाधान. ज्याला अजून नोकरीच लागलेली नाही त्याला समाधान विचारणे अप्रस्तुत, हे उघड आहे. म्हणून भावी शिक्षकांच्या मापनात प्रतिमा, प्रेरणा, विश्वास आणि धारणा यांवर भर दिला जातो.

अशी प्रश्नावली तयार कशी होते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना ती केवळ प्रश्नांची जुळवाजुळव वाटते. प्रत्येक अंगासाठी अनेक विधाने लिहितात. उदाहरणार्थ, 'वर्गात उभे राहिले की मी माझ्या जागी आहे असे मला वाटते', किंवा 'कोणी व्यवसाय विचारला तर शिक्षक म्हणून सांगण्यास मी कचरतो'. उत्तर देणाऱ्याने 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एक निवडावयाची, ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये रूढ केली. एकाच अंगाची विधाने एकमेकांशी सुसंगत उत्तरे देतात की नाही हे ली क्रॉनबाख याने १९५१ मध्ये दिलेल्या गुणकावरून पाहतात. जी विधाने आपल्या गटाशी फटकून वागतात ती काढून टाकतात. आणि काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची घालतात, म्हणजे न वाचता सगळीकडे 'सहमत'वर खूण करणारा सापडतो. हे सारे झाल्यावरही मोजपट्टी खरी आहे असे म्हणण्यापूर्वी दुसऱ्या गावात, दुसऱ्या वर्षी, निराळ्या माणसांवर ती पारखून घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियातील हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी २००७ मध्ये सिद्ध केलेली प्रश्नावली आपल्याकडच्या घरांना विशेष लागू पडेल असे मला वाटते, कारण शिक्षक का व्हावेसे वाटले या प्रश्नाची उत्तरे शोधताना त्यांनी उदात्त हेतूंच्या बरोबरीने व्यवहाराला आणि नाइलाजालाही मानाने जागा दिली आहे. मुलांची आवड आणि समाजासाठी काही करण्याची इच्छा तीत आहे. नोकरीची शाश्वती आणि घरासाठी मिळणारा वेळही आहे. आणि दुसरे काही साधले नाही म्हणून या वाटेला आलो, हेही आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात पदवी हाती आलेल्या मुलीला 'बी.एड. करून ठेव, कधीही उपयोगी पडेल' असे सांगितले गेले नाही असे घर शोधावेच लागेल. अशा रीतीने या व्यवसायात आलेल्या स्त्रीला जन्मजात शिक्षिका नव्हे म्हणून कमी लेखण्याची प्रवृत्ती मला अन्यायाची वाटते. प्रवेशद्वार कोणते होते यावरून मुक्काम ठरत नाही. नाइलाजाने आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी वर्गावर जीव टाकताना दिसते आणि ध्येयाने पेटून आलेला तरुण त्याच काळात विझतो, हे शाळांशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. एकदाच घेतलेल्या मापाला हा बदल दिसत नाही, पुनःपुन्हा घेतलेल्या मापालाच तो दिसतो.

आता पुन्हा साकीनाक्याकडे वळू. महानगरपालिकेच्या कुर्ला येथील एल विभागात मोडणारा हा परिसर ८ जून २०१४ पासून मेट्रोने घाटकोपर आणि अंधेरीशी जोडला गेला, परंतु मेट्रोच्या पुलाखालच्या वस्त्यांचे जीवन आजही कारखान्याच्या पाळीवर आणि भाड्याच्या खोलीच्या मुदतीवर चालते. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली, कोकण-मराठवाड्यातून आलेली, दक्षिणेतून आलेली कुटुंबे येथे भिंतीला भिंत लावून राहतात. महानगरपालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालविते हे अशा वस्त्यांत फिरल्यावर नवलाचे वाटत नाही. सुटीत गावी गेलेले मूल शाळा उघडल्यावर लगेच परत येईलच असे नाही. बापाचे काम सुटले तर ते वर्षाच्या मध्यावरच दुसऱ्या उपनगरात जाते. आणि मराठी माध्यमाच्या शिक्षिकेला तर पट टिकविण्याची विवंचना बारा महिने असते. अशा वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या नवशिक्षिकेला ॲमस्टरडॅममधील विद्यार्थी-शिक्षकांसाठी रचलेली विधाने जशीच्या तशी भाषांतरून दिली, तर तिच्या कामाचा निम्मा भाग मापाबाहेर राहील. पालक कामावरून परतेपर्यंत थांबून रात्री त्यांना खोलीवर जाऊन भेटणे, घरी भोजपुरी, शाळेत मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे समजून घेणे, दाखल्याविना आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून त्याचा मागचा अभ्यास भरून काढणे, ही कामे तिच्या शिक्षकपणाचा गाभा आहेत की शिक्षकपणाच्या आड येणारी ओझी आहेत, हे ती स्वतः कसे समजते, यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. म्हणून अशा प्रश्नावलीची विधाने साकीनाका, गोवंडी, मालवणी अशा ठिकाणी पाच-दहा वर्षे शिकविलेल्या शिक्षकांच्या तोंडून प्रथम ऐकावीत, आणि मग संख्याशास्त्राकडे न्यावीत.

आपल्या कामाची व्याख्या मुलांकडे पाहून बदलण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच हजेरीच्या तक्त्यावर खंत करीत न बसता त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्यांच्या या कामातून आकारास आल्या. बोर्डीला येण्यापूर्वी पुण्याच्या हुजूरपागेसारख्या नामांकित शाळेत शिकविलेल्या अनुताईंना शिक्षिका म्हणजे काय, याचे उत्तर कुरणात गुरांमागे धावणाऱ्या मुलांसमोर नव्याने शोधावे लागले असणार.

परंतु अस्मिता घडविणारी परिस्थिती अनेकदा इतकी उदार नसते. सायमन वेनमन या डच संशोधकाने १९८४ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दाखविले की नवशिक्षकाला पहिल्या वर्षात वास्तवाचा जो धक्का बसतो, त्यात वर्गातील शिस्तीचा प्रश्न अग्रभागी असतो. पोर्तुगालमधील १४ नवशिक्षकांचा दोन वर्षे मागोवा घेऊन फ्लोरेस आणि डे यांनी २००६ मध्ये दाखविले की शाळेतील वातावरण, सहकाऱ्यांची वागणूक आणि मुख्याध्यापकांचे नेतृत्व यांनी त्यांचे शिक्षकपण घडते आणि मोडतेही. आपल्याकडे या अडचणींत आणखी एक भर आहे. २००० पासून राज्यात शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षे नवशिक्षकास वेतन न मिळता मानधन मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये दरमहा करण्यात आले. त्यापूर्वी प्राथमिक शाळेत ते ६,००० होते. मुंबईच्या उपनगरात १६,००० रुपयांतून खोलीचे भाडे वजा केल्यावर काय उरते याचा हिशेब वाचकांनीच करावा. जी तीन वर्षे शिक्षक म्हणून मनाने रुजण्याची, नेमकी त्याच तीन वर्षांत शासन त्याला शिक्षक हे पूर्ण नाव देत नाही, हा विरोधाभास मला फार क्लेशकारक वाटतो. नंतरही संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकसंख्या ठरविण्याच्या, वेळी पट कमी भरला की तो अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन करावयाच्या शिक्षकांच्या यादीत जातो. जनगणना आणि निवडणूक ही कामे तर कायद्यानेच त्याच्याकडे आहेत.

नवशिक्षकाच्या प्रतिष्ठेची शासनाला काळजीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्गावर्गांत शिक्षकांची छायाचित्रे 'आपले गुरुजी' या शीर्षकाखाली लावण्याचे निर्देश निघाले. मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने शिक्षकांना पोशाखाची शिस्त घालून दिली आणि वैद्यांच्या 'डॉ.'प्रमाणे नावामागे 'टि' लावण्याची मुभा दिली. या दोन्ही योजनांमागचा हेतू सद्भावाचा असेल. तथापि अस्मिता ही बाहेरून चिकटविता येते अशी समजूत त्यांच्या मुळाशी आहे, आणि ती चुकीची आहे. मूल आपल्यामुळे वाचू लागले हे पाहिल्याने, सहकाऱ्याने शिक्षक म्हणून सल्ला विचारल्याने, महिनाअखेर सन्मानाने जगता येईल एवढे वेतन हाती पडल्याने शिक्षकपण जेवढे दृढ होते, तेवढे भिंतीवरच्या छायाचित्राने होणार नाही.

मापनाचा उपयोग कोठे करावा आणि कोठे करू नये, याविषयी न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा आयोगाचा इतिहास आपल्याला सावध करतो. महाराष्ट्रातील २९१ प्रस्तावित डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून हा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याने अहवाल दिला. बी.एड. दोन वर्षांचे झाले, दुसऱ्या वर्षात १६ आठवड्यांची आंतरवासिता आली आणि 'स्वतःला समजून घेणे' हा विषय अभ्यासक्रमात दाखल झाला, यामागे त्या अहवालाचे पाठबळ आहे. प्रशिक्षणात प्रवेश देण्यापूर्वी उमेदवाराची चाचणी घ्यावी असेही आयोगाने सुचविले; आणि येथे मी आदरपूर्वक एक मर्यादा घालू इच्छितो. ज्ञानाची चाचणी प्रवेशापूर्वी अवश्य घ्यावी. अस्मितेची मात्र घेऊ नये. कारण ती अद्याप घडावयाची आहे, आणि तिच्या गुणांवर जागा ठरू लागली की अभियोग्यता चाचणीतील व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नांची जी गत होते तीच तिचीही होईल.

मग अस्मितेच्या मापनाचा उपयोग करावा तो कसा? प्रश्नावली भरून घ्यावी ती तीन वेळा: महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर, आंतरवासितेचे १६ आठवडे संपल्यावर आणि शिक्षणसेवकपदाची तीन वर्षे पुरी होताना. प्रत्येक वेळचे उत्तरपत्र ज्याचे त्याच्याजवळ राहावे आणि त्याने ते मागील उत्तरांशी ताडून, आवश्यक वाटल्यास विश्वासातील प्राध्यापकापाशी किंवा ज्येष्ठ सहकाऱ्यापाशी, मोकळेपणाने बोलावे. 'स्वतःला समजून घेणे' या विषयाचे तास याहून सार्थ रीतीने वापरता येतील असे मला वाटत नाही. महाविद्यालयाकडे आणि शिक्षण खात्याकडे नावे वगळून केवळ एकत्रित आकडे जावेत, आणि ते कोणाच्याही सेवापुस्तकात उतरू नयेत. तिसऱ्या मापाच्या वेळी एखाद्या विभागातील नवशिक्षकांचा स्वतःवरचा विश्वास प्रवेशाच्या वेळेपेक्षा खाली गेलेला आढळला, तर त्याचा खुलासा त्या शिक्षकांकडून मागण्यापूर्वी त्यांच्या शाळांकडून, त्यांच्या मानधनाच्या आकड्याकडून आणि त्यांच्यावर सोपविलेल्या शाळाबाह्य कामांच्या यादीकडून मागावा.